कारागिरीही करायची आणि विकायचंही: कोल्हापुरातल्या छोट्या धंद्यासाठी

हातानं वस्तू बनवणाऱ्या माणसाची तक्रार ठरलेली असते. विकायला बाहेर पडलं की काम बसतं, आणि कामाला बसलं की विक्री बसते. सुभाषनगरात चपला शिवणारा हेच बोलतो, गुजरीत साज घडवणारा हेच बोलतो, आणि राजारामपुरीत घरी बसून लग्नपत्रिकेची चित्रं काढणारी पोरगीही हेच बोलते. सगळ्यांचा उपाय एकच असतो: पहाटे लवकर उठायचं, रात्री उशिरा झोपायचं. महिनाभर जमतं, मग कंबर बोलायला लागते.

मला विचाराल तर दुखणं वेळेचं कमी आणि हिशेबाचं जास्त आहे. शिवणाला आपण मजुरी धरतो, विकण्याला धरत नाही. गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोललो, फोटो पाठवले, माप पुन्हा विचारलं, कुरियरवाल्याकडे जाऊन आलो, हे सगळं आपल्या लेखी ‘असंच’ असतं. ज्या कामाला भाव नाही त्याला वेळही ठरत नाही, आणि मग ते दिवसभर कुठूनही घुसतं. विक्रीला मजुरी लावली की पुढची बरीच गाठ सुटते. ती कशी लावायची, आणि लावल्यावर दिवस, माल, गिऱ्हाईक, दुकानदार यांची घडी कशी बसवायची, ते क्रमानं सांगतो. उदाहरणं जास्त करून चपलेची घेतली आहेत, कारण तो धंदा जवळून माहीत आहे. कुंभारकाम, दागिने, भरतकाम, चित्रं, काहीही असलं तरी हिशेब तोच.

पायरी १: महिनाभर वेळ लिहा

एक साधी वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘हात’, उजवीकडे ‘तोंड’. हातानं काम केलं तो वेळ डावीकडे, बोलण्यात, फोटोत, पॅकिंगमध्ये, वसुलीत गेला तो उजवीकडे. मिनिटं मोजत बसू नका, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ठोकळे पुरे. मोबाईलमध्ये लिहू नका, कारण लिहायला म्हणून हातात घेतलेला फोन दहा मिनिटं खाली ठेवला जात नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी खूण करून लिहा: काम चालू असताना मध्येच उठावं लागलं तर तिथे फुली मारा. महिनाअखेर तासांपेक्षा या फुल्या जास्त शिकवतात. चपलेची वेणी घालताना वादीचा ताण सगळीकडे सारखा लागतो. मध्येच ‘दादा, नऊ नंबर हाय का?’ म्हणून फोन आला, उठून बघितलं, परत बसलं, की हात पुन्हा त्या ताणावर यायला वेळ जातो, आणि कधी कधी दोन पेर उसवून परत घालावे लागतात. तो फोन दोन मिनिटांचा असतो, नुकसान वीस मिनिटांचं.

पायरी २: विकण्याची मजुरी किमतीत धरा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून सावकाश वाचा आणि शेजारी कागद घेऊन बसा. खालचे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा एक माणूस महिन्याला ३० जोड करतो. एका जोडाला चामडं ४०० रुपयांचं. वादी, पॉलिश, पिशवी मिळून ६०. एका जोडाला ५ तास, तासाला १०० रुपये मजुरी, म्हणजे ५००. झाले ९६०. बहुतेक कारागीर इथंच थांबतो, वर दोन-अडीचशे ठेवतो आणि १२०० सांगतो. गिऱ्हाईक घासाघीस करून ११०० वर आणतं आणि संध्याकाळी मालक म्हणतो, ‘चाललंय की.’

आता वही उघडा. उजव्या रकान्यात महिन्याचे ४५ तास निघाले असं धरू. ते ३० जोडांत वाटले तर जोडामागे दीड तास, म्हणजे १५० रुपये. भाडं, लाईट, फोन मिळून महिना ३०००, म्हणजे जोडामागे १००. बिघडलेला माल, परत आलेला जोड, फुकट करून दिलेली दुरुस्ती यांचे ४० धरा. बेरीज १२५०. हा नफा नव्हे, हा नुसता खर्च. ११०० ला विकलेल्या जोडात दीडशे रुपये तुम्ही स्वतःच्या खिशातून घातले. वर २० टक्के ठेवले तर विक्रीची किंमत १५०० येते.

इथं लोक दचकतात. ‘१५०० ला कोण घेतंय?’ प्रश्न रास्त आहे. पण आधी खरा आकडा कळू दे. मग ठरवता येतं की किंमत वाढवायची, तास कमी करायचे, का तो नगच बंद करायचा. आकडा न कळता ११०० ला विकत राहिलं तर जितका जास्त माल खपेल तितका खड्डा मोठा.

याच हिशेबात दुसरी एक गोष्ट तपासा. उद्या महाद्वार रोडवरचा एखादा दुकानदार म्हणाला, ‘मला ३५ टक्के सोडा, सगळा माल मी उचलतो,’ तर १५०० च्या जोडाचे तुम्हाला ९७५ मिळतील. चामडं, साहित्य आणि शिवणाची मजुरी मिळून ९६० होते. उरले पंधरा रुपये, त्यात भाडंसुद्धा बसत नाही. तोंडाचे तास वाचतील हे खरं, पण सगळे नाही वाचत, वसुली तुमच्याच गळ्यात असते. म्हणून पाच तासांचा नग दुकानाला द्यायचाच नाही. दुकानासाठी वेगळा नग लागतो, तो पुढच्या पायरीत.

करांचं थोडक्यात: फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा किंवा मोठ्या ऑनलाईन दुकानांवर चढवायचा तर नियम बदलतात. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात काही सूट आहे, ती आपल्या मालाला लागते का हे सीएकडून एकदाच नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्याहून महाग जोडावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे नोंदणी असणाऱ्यानं २६०० चा जोड करताना दोनदा विचार करावा.

पायरी ३: मालाचे तीन ढीग करा

रोजचा, ऑर्डरचा आणि मनाचा.

रोजचा माल म्हणजे ठरलेले चार-पाच नमुने, ठरलेले रंग, ठरलेली मापं. यात डोकं चालवायचं ते एकदाच, नमुना बसवताना. त्यानंतर हात चालतात. साध्या पट्ट्याची, वेणी कमी असलेली चप्पल अडीच-तीन तासांत होते. दुकानाला द्यायचा, प्रदर्शनात मांडायचा, फोटो टाकून विकायचा माल हा. धंद्याची भाकरी इथून निघते.

ऑर्डरचा माल म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाचं माप आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातली कल्पना. भाव रोजच्या मालाच्या दीडपट तरी हवा, कारण तोंडाचे तास इथं सगळ्यात जास्त जातात. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून भाव सोडला की तोच आपला माणूस चार वेळा डिझाईन बदलतो, हा माझा जुना अनुभव.

मनाचा माल म्हणजे कुणी मागितलेला नाही असा. जुन्या कापशी घाटणीच्या चपलेला नवा कान (बाजूची पट्टी) लावून बघावा, वेणी उलटी फिरवून बघावी, चपलेचंच काम बॅगेच्या पट्ट्यावर उतरवून बघावं. याला गिऱ्हाईक नसतं, तारीख नसते, आणि म्हणूनच पहिला कोयता यावर पडतो. तो पडू देऊ नका. आठवड्याचा अर्धा दिवस त्याच्या नावावर लिहून ठेवा. आज जे रोजच्या ढिगात आहे ते कुणीतरी कधीतरी असंच मनानं केलेलं होतं.

मनाच्या मालाला दुकानात जागा द्या, पण लगेच भाव लावू नका. गिऱ्हाईक पहिल्यांदा हात कशाला लावतं एवढं बघा. पाच-सहा अनोळखी लोकांनी स्वतःहून किंमत विचारली तर त्या नमुन्याचे तास मोजा आणि मग पायरी २ मधला हिशेब लावा. घरच्यांचं आणि मित्रांचं ‘नाद खुळा’ मोजायचं नाही, ते प्रेमापोटी असतं.

पोटासाठी रोजचा माल करण्यात कमीपणा वाटणाऱ्यांसाठी एक आठवण. नाटकांचे पडदे रंगवत आलेल्या बाबूराव पेंटरांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. जाहिरातीला हात लावला म्हणून त्यांच्यातला चित्रकार कुठं गेला नाही.

पायरी ४: दिवस कापा, वर्ष त्याहून नीट कापा

दिवसाचं सोपं आहे. सकाळी हात ताजे असतात, उजेड चांगला असतो. तेव्हा रापी आणि आरी, म्हणजे कापायचं आणि शिवायचं काम. फोन आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत. दुपारी जेवणानंतर अर्धा तास आणि संध्याकाळी एक तास तोंडाचं काम: उत्तरं, फोटो, पॅकिंग, वसुली. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तुम्ही नसताना आपोआप जाणारा संदेश ठेवता येतो. त्यात ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ असलं बँकेसारखं लिहू नका. ‘सकाळी कामावर बसलेलो असतो. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला उत्तर देतो. दर आणि मापं कॅटलॉगमध्ये आहेत.’ एवढं पुरे. नेहमीच्या दहा प्रश्नांची उत्तरं तयार साठवून ठेवा: पाण्यात चालते का, कर्र कर्र आवाज करून मिळेल का, पुण्याला किती दिवसांत येईल. गिऱ्हाईक उशिरा उत्तर मिळाल्यानं तितकं जात नाही जितकं कधी उत्तर मिळेल हे न कळल्यानं जातं.

दारात दुकान असेल तर हे अवघड जातं, मान्य. दारातल्या माणसाला ‘दोनला या’ म्हणता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे सकाळी पुढं घरातलं कुणीतरी बसणं, आणि प्रत्येक नगाला किमतीची चिठ्ठी लावलेली असणं. चिठ्ठी नसेल तर पुढं बसलेलं माणूस दर दहा मिनिटांनी आत हाक मारतं आणि सगळंच मुसळ केरात.

वर्षाची कापणी जास्त मोलाची, कारण कोल्हापूरचं वर्ष मुळातच दोन भागांत पडलेलं आहे. चैत्रात जोतिबाची यात्रा, मग उन्हाळ्याच्या सुट्टीतले पर्यटक, लग्नसराई. नंतर पाऊस. इथला पाऊस म्हणजे नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. चामडं वाळत नाही, ठेवलेल्या मालाला बुरशी धरते, आणि कोल्हापुरी घालून चिखलात कुणी उतरत नाही. मग नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटते, लगेच दिवाळी, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पर्यटक.

चपलेच्या धंद्यात याचा अर्थ सरळ आहे. आषाढ-श्रावणातल्या रिकाम्या दिवसांचं दुःख करत बसू नका, तो मनाच्या मालाचा हंगाम आहे. नवे नमुने कागदावर, मापाचे पत्रे नव्यानं कापणं, फोटोंची निवड, कॅटलॉगची दुरुस्ती, उधारीची वसुली हे सगळं तेव्हा. भाद्रपदापासून ऊन सापडेल तसा रोजचा माल भरायला घ्यायचा, आणि घटस्थापनेनंतर नवा नमुना काढायचा नाही म्हणजे नाही. दिवाळीच्या तोंडावर डोकं चालवायला लागलेला कारागीर स्वतःची दिवाळी बुडवतो.

शाहूपुरीतल्या किंवा बापट कॅम्पातल्या मूर्तिकाराचं गणित नेमकं उलटं. त्याचं सगळं वर्ष गणेश चतुर्थीकडे धावतं, उन्हाळा आणि पावसाळ्याचं तोंड म्हणजे जीव तोडून काम. त्यानं नवे साचे आणि नवी मुद्रा गणपती गेल्यावर, दिवाळी ते माघ या काळात बसवावी, आणि मंडळांच्या ऑर्डरी लवकर पक्क्या करून घ्याव्यात. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी लग्नतिथींचं पंचांग समोर ठेवून आपली रिकामी महिना-दीड महिन्याची फट शोधावी. प्रत्येक धंद्यात ती असते. कॅलेंडरवर तिच्यावर आत्ताच रंग मारून ठेवा.

पायरी ५: ऑर्डरची वही आणि पायाचं माप

ऑर्डर तोंडी घ्यायची नाही. एक पान, त्यावर नाव, फोन, नमुन्याचा नंबर, रंग, माप, ठरलेली किंमत, आगाऊ रक्कम, द्यायची तारीख. अर्धे पैसे आधी. ‘विश्वास नाय का भावा?’ असं कुणी विचारलं तर हसून सांगा, ‘तुमच्यावर आहे, चामड्याच्या व्यापाऱ्याचा माझ्यावर नाही.’ तारीख देताना तुमच्या अंदाजात चार दिवस घालून सांगा. लवकर दिलेल्या मालाचं कौतुक होतं, वेळेवर दिलेल्याचं होत नाही.

बदल किती करून मिळतील ते त्याच पानावर लिहा. चामडं कापायच्या आधी एकदा फुकट, कापल्यावर पैसे पडतील. चित्रं काढणाऱ्यांनी कच्च्या रेखाटनावर दोन बदल आणि रंग भरल्यावर एकही नाही, असं ठेवावं. हे वाक्य लिहिलेलं असलं की भांडण होत नाही, कारण लोक वाईट नसतात, त्यांना फक्त कुठं थांबायचं ते माहीत नसतं.

माप चुकलं की सगळा जोड आणि गिऱ्हाईक दोन्ही जातं, म्हणून याबद्दल जरा जास्त लिहितो. बाहेरगावचा माणूस ‘आठ नंबर’ म्हणतो तेव्हा तो बुटाचा आठ सांगत असतो, आणि कंपनीगणिक तो बदलतो. त्याच्याकडून पायाची आखणी मागवा. कोऱ्या कागदावर उभं राहायचं, बसून नाही, कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणीतरी पायाभोवती फिरवायची, तिरकी धरली तर पाय बारीक येतो. दोन्ही पाय आखायचे, बहुतेकांचे सारखे नसतात. वेळ संध्याकाळची, तेव्हा पाय दिवसभराच्या चालण्यानं थोडा सुजलेला असतो. मग टेपनं पंज्याचा घेर, अंगठ्याच्या मुळाशी आणि जिथं पट्टा बसतो तिथं. कागदाच्या कडेला पट्टी ठेवून फोटो काढायचा म्हणजे आकार कळतो. हे सगळं एका लहान व्हिडिओत करून दाखवा आणि तोच सगळ्यांना पाठवा. एका संध्याकाळचं काम, पण तोंडाचे तास वर्षभर वाचतात.

एवढं करूनही नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते. ते विकतानाच सांगा. पट्ट्याला आतून थोडं खोबरेल लावून घरात तास-दोन तास घालायला सांगा. आधी सांगितलं की ती सूचना असते, नंतर सांगितलं की सबब वाटते.

पायरी ६: घासाघीस

भाव एकच ठेवा आणि त्यात कमी करू नका, असा सल्ला शहरातले लोक देतात. भवानी मंडपाजवळ बसून तो पाळून दाखवावा त्यांनी. गिऱ्हाइकाला चार पैसे सुटल्याचं समाधान लागतं, ते द्यायचं, पण पैशात नाही.

‘१५०० जास्त होतात हो, शेवटचं बोला.’

‘ताई, भाव लिहिलाय तोच. पण वर्षभरात वेणी उसवली तर आणा, पैसे घेणार नाही.’

दुरुस्ती, पॉलिश, कापडी पिशवी, दोन जोड घेतल्यास कुरियर माफ. यातलं काय देता येईल ते आधीच ठरवा आणि पायरी २ मधल्या खर्चात धरा. दुरुस्तीला म्हणून परत आलेला माणूस बहुतेक वेळा सोबत कुणाला तरी घेऊन येतो. आणि तरीही न पटलेला माणूस गेला तर जाऊ द्या. त्याच्यासाठी साध्या पट्ट्याची चप्पल बाजूला ठेवलेली असते, ती दाखवा: ‘एवढ्यात बसवायचं तर ही घ्या, टिकायला तशीच आहे, काम कमी आहे.’ वस्तू बदलून किंमत उतरवायची. तीच वस्तू स्वस्त केली की आदल्या गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होतं.

पायरी ७: वस्तूबद्दल खरं आणि नेमकं बोला

जाहिरात करायला बुजणारा कारागीर एका गोष्टीला बुजत नाही: कामाबद्दल बोलायला. मग तेच करा. पट्टा कापताना, वेणी घालताना, तळ ठोकताना, हातांचे फोटो काढा. सकाळी साडेआठ-नऊच्या उजेडात खिडकीपाशी. चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू. आठवड्याला दोन फोटो आणि त्याखाली दोन ओळी. रोज काहीतरी टाकायलाच हवं हा हट्ट सोडा, त्यात हात मोडतो.

दोन ओळींत काय लिहायचं? माहिती. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावण्याची जुनी रीत, चामड्याच्याच वादीनं घातलेलं शिवण. हे पर्यटकाला माहीत नसतं, आणि कळलं की रेक्झिनची तीनशेची चप्पल आणि तुमची चप्पल त्याच्या डोळ्यांना वेगळी दिसायला लागते. मात्र मानांकनाचं चिन्ह वापरायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. नुसतं कोल्हापुरात दुकान आहे एवढ्यानं तो हक्क मिळत नाही. आणि ‘शंभर वर्षं टिकते’, ‘पायाचे सगळे आजार जातात’ असली वाक्यं लिहू नका.

नावाला किती किंमत असते ते जून २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये आपल्यासारखीच सँडल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते कंपनीनं मान्य केलं, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून मर्यादित जोड इथेच बनवून घ्यायचं जाहीर केलं. त्या वादातून सामान्य कारागिरानं उचलायचं ते एवढंच: चपलेसोबत एक कागद द्या. कुठल्या गावात बनली, कुठलं चामडं, कुठला नमुना, कशी सांभाळायची, दुरुस्तीला फोन कुठं करायचा. मराठीत एका बाजूला, इंग्रजीत दुसऱ्या बाजूला. छापायला जोडामागे दोन-तीन रुपये पडतात.

पायरी ८: दुकान, उधारी, प्रदर्शन

दुकानाला रोजचाच माल, आणि तोही लेखी. ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर दिलेला माल उन्हात पडून रंग उडालेला परत येतो. त्यापेक्षा थोडा माल रोखीत द्या. उधारीवर द्यायचाच तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करा, ती फुकट आहे आणि आधार नंबरवर ऑनलाईन होते. त्यानंतर सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. लेखी करार असेल तर खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. खटला भरा असं म्हणत नाही. पण बिलावर उद्यम नंबर आणि ‘४५ दिवस’ छापलेलं असलं की मोठ्या दुकानाचा हिशेबनीसच तुमचं बिल वर ठेवतो, कारण वेळेत न दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून लगेच दाखवता येत नाही.

प्रदर्शनाचा हिशेब शाहू स्मारकातलं असो वा मुंबईचं, एकाच पद्धतीनं करा: स्टॉलचं भाडं, जाणं-येणं, राहणं, आणि तितके दिवस बंद राहिलेलं काम. तुमच्या हाताचे तास रिकामे गेले, त्यांची मजुरी धरा. त्यावर नफ्याचे किती जोड विकावे लागतील तो आकडा काढा. आमच्या उदाहरणात जोडामागे नफा २५० आहे. खर्च दहा हजार आला तर ४० जोड विकले की फक्त बरोबरी. महिन्याला ३० करणारा माणूस ४० कुठून नेणार? मग प्रदर्शनाला तीन-चार जणांनी मिळून जावं, एकाच्या चपला, एकीच्या बॅगा, हुपरीच्या कुणाचे तरी पैंजण. बचत गटात असाल तर सरस प्रदर्शनाची चौकशी करा.

अवजारांचा आणि भांडवलाचा प्रश्न असेल तर पीएम विश्वकर्मा योजना पाहा. १८ व्यवसायांत चर्मकार, कुंभार, सोनार, मूर्तिकार, शिंपी येतात. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं.

पायरी ९: विक्री दुसऱ्याकडे द्यायची तेव्हा

तोंडाचे तास महिन्याला साठ-सत्तरच्या वर जायला लागले की माणूस हवा. घरातलंच कुणी असेल, भाची, सून, कॉलेजात जाणारा मुलगा, तरी पगार किंवा टक्केवारी ठरवा. पायरी २ मध्ये विक्रीची मजुरी धरली असेल तर ती द्यायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्नच राहत नाही. जोडामागे ठेवलेले १५० त्यासाठीच होते. धरली नसेल तर मात्र तो पगार शिवणाच्या मजुरीतून जातो आणि घरात कुरबूर सुरू होते.

भाव सांगायचा, सूट द्यायची, तारीख द्यायची हे अधिकार त्या माणसाला पूर्ण द्या. नाहीतर ‘थांबा, विचारून सांगते’ म्हणत ते पुन्हा तुमच्याच शेजारी येऊन उभं राहील. नवा नमुना काढायचा की नाही आणि कुठली ऑर्डर नाकारायची, हे मात्र तुमच्याकडे ठेवा. आणि पूर्ण हात झटकू नका. महिन्यातून एक दिवस स्वतः पुढं बसा. पट्टा कुठं चावतो, कुठला रंग उचलून परत ठेवला जातो, हे कुणी लिहून देत नाही, ते समोर बसूनच दिसतं.

आषाढात वर्षाची वही काढा. तीन ढिगांपैकी कुणी किती तास खाल्ले आणि किती पैसे दिले एवढंच बघा. ऑर्डरच्या मालाचे तास वाढून पैसे तेवढेच राहिले असतील तर ऑर्डरचा भाव वाढवा. मनाच्या ढिगात वर्षभरात काहीच पडलं नसेल तर रोजच्या मालातला सगळ्यात कमी पैसे देणारा नमुना बंद करा, त्याचे तास तिकडे जातील. नवे भाव लावायचे ते घटस्थापनेच्या आधी, पाटी रंगवून, कॅटलॉग बदलून. दिवाळीच्या गर्दीत भाव वाढवलेले गिऱ्हाईक विसरत नाही.